चार सारख्या मांडण्या

१४ ऑक्टोबर, सोमवार

नवव्या चांद्रमहिन्याचा वारा सुरू झाला. तैवानच्या या किनाऱ्यावर, लुकांगमध्ये, आता थंडी संपेपर्यंत खिडक्या वाजणार आणि चहात वाळू येणार.

धाकट्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मुलाम्याची नवी टाकी येते आहे, तिच्यासाठी जागा काढायची आहे. म्हणाले, "शीबाई, आपण नळ बनवतो की नळांचं गोदाम चालवतो? जिकडे बघावं तिकडे अर्धवट माल." त्यांचं चुकीचं नाही. आमची पाच कामं: ओतकाम, मशीन, पॉलिश, मुलामा, जोडणी. दोन कामांच्या मध्ये एक अशा चार लोखंडी मांडण्या. एकाचं झालं की माल ट्रेमध्ये घालून मांडणीवर ठेवायचा, पुढच्याने तिथून उचलायचा. या मांडण्या कोणी आखून केलेल्या नाहीत. जिथे माल तुंबला तिथे एकेक खण जोडत गेले. सगळ्यांत मोठी पॉलिश आणि मुलाम्याच्या मधली, पॉलिशवर बसणाऱ्या माझ्या ताईच्या उजव्या हाताची. ती मांडणी कसली, भिंतच आहे.

आता चारी मिळून चोवीस ट्रे, त्यावर एकही नाही. कोणाला किती ते मी ठरवायचं. कॉलेजात मी नेमकं हेच शिकले होते, आणि इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मनातून आनंद झाला. ताईच्या भिंतीचं काय होणार हा विचार घरी आल्यावर सुचला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आठवडाभर प्रत्येक कामापाशी घड्याळ घेऊन उभी राहिले. नुसती सरासरी बघून उपयोग नसतो. दोन माणसं सरासरीने सारखीच असतील, पण एक ठरल्या वेळेत ठोके दिल्यासारखं काम करतं आणि दुसरं कधी भरभर, कधी रेंगाळत. पहिल्याला मांडणी लागतच नाही म्हटलं तरी चालेल. दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी लागते. पुढची मांडणी भरली की माल ठेवायला जागा नाही म्हणून तो थांबतो, आणि तो रेंगाळला की पुढचे रिकाम्या मांडणीकडे बघत बसतात. वेळ दोन्हीकडून जातो आणि परत येत नाही.

आमच्यात असा दुसरा माणूस म्हणजे ताई. मला हे अपेक्षित नव्हतं. तिची सरासरी जुनीच आहे, पण तिच्या आजूबाजूला आकडे कसेही पसरलेले. एक नळ चटकन चकाकून बाहेर, पुढचा हातात घेऊन बसलेली.

तिच्या पाठीशी उभं राहताना अवघडले. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. शाळेत जाताना माझी वेणी तीच घालायची.

"काय गं, परीक्षा घेतेस का?" तिने मान न वळवता विचारलं.

"सगळ्यांचीच घेते आहे."

"मग माझी दहा वाजता घे."

"दहालाच का?"

"तेव्हा उजेड चांगला असतो."

कारखान्यात दिवसभर ट्यूबलाइटच असतात.

कारण बहुधा ओतकामात आहे. पितळात बारीक भोकं राहिली की पॉलिशला वेळ लागणारच. ते आधी तपासायला हवं.

२० ऑक्टोबर, रविवार

दुपारी ताईकडे जेवले. तिने कालवांची धिरडी केली होती. कढईत लसूण करपून काळा झाला, घरभर वास सुटला, आणि ती शेजारीच उभी राहून खिडकीबाहेर बघत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हटलं. "वाऱ्याकडे," म्हणाली.

जेवणाआधी तिने एक गोळी घेतली. हाडांची आहे म्हणाली. पूर्वी सकाळी सोयाबीनचं दूध घेतल्याशिवाय घराबाहेर न पडणारी ही बाई, आता ते पचत नाही म्हणून सोडलं आहे म्हणे. पन्नाशी उलटली की एकेक सुटत जातं. मलाही पलीकडचा फलक चष्म्याशिवाय दिसत नाही.

आज फार गप्प होती. मी दोन गमती सांगितल्या, तरी चेहरा हलला नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

हिशेब पूर्ण झाला. तीन वेगळ्या रीतींनी मांडून पाहिला, उत्तर एकच आलं. पॉलिशच्या आधी नऊ ट्रे, नंतर नऊ, आणि बाकी दोन ठिकाणी तीन-तीन. सारखे वाटले तर दिवसाचा माल चांगलाच कमी निघतो. जिथे वेळ कमीजास्त होतो तिथे जागा द्यायची, एवढी साधी गोष्ट आहे.

कागद घेऊन केबिनकडे निघाले, तर वाटेत मुकादम आछ्वान भेटला. त्याने कागद हातात घेतला, लांब धरून वाचला.

"नऊ आणि नऊ! वा! सख्ख्या बहिणीला दिवाणखाना, आणि आम्ही बोळात."

"हे आकडे घड्याळाने दिलेत, आछ्वानदादा."

"घड्याळ कोणाच्या हातात होतं, इंजिनियरबाई?" तो हसला. त्याच्या मागे मशीनवरचे दोघे होते, तेही हसले. हसण्यात विष नव्हतं. त्याने जास्त लागलं.

केबिनपर्यंत गेले नाही. टेबलाशी येऊन बसले. मग दुसरा कागद घेतला आणि सहा, सहा, सहा, सहा लिहिलं.

मी स्वतःला काय सांगितलं तेही लिहून ठेवते. ताईचा वेळ खराब पितळामुळे पसरला आहे, पितळ सुधारलं की आपोआप आवरेल, मग वेगळी जागा द्यायची गरजच काय? हे तर्काला धरून आहे. मात्र हा तर्क मला आछ्वान हसल्यानंतर सुचला, आधी नाही.

धाकटे मालक कागद बघून म्हणाले, "उत्तम. कोणाला बोलायला जागा नाही."

४ नोव्हेंबर, सोमवार

मांडण्या कापल्या. ताईची भिंत कटरने कापताना ठिणग्या तिच्या बाकापर्यंत उडत होत्या. ती हात मांडीवर ठेवून बघत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. ती कधी येत नाही. कारखान्यात आम्ही बहिणी नसतो, असं आमचं पहिल्या दिवसापासून न बोलता ठरलेलं आहे.

"माझ्या पुढच्या बाजूला दोन ट्रे जास्त ठेवता आले तर बघ."

"ताई, सगळ्यांना सारखे दिलेत गं."

"हो, तेही खरंच." थोडा वेळ उभी राहिली. "एक?"

"एक दिला तरी लोक मोजतील."

"मोजतील," ती म्हणाली आणि गेली. पाय घासत गेली. नवे बूट चावत असावेत.

तिने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आज मागितलं ते दोन ट्रे, आणि मी नाही म्हटलं. मी निःपक्षपाती राहिले. दिवसभर हा शब्द मनात घोळवत होते. त्याने बरं वाटायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आकडे वाईट आहेत. रोज तोच प्रकार. सकाळी ताईचा हात असा चालतो की दहाच्या सुमारास तिचे सहाही ट्रे भरतात. मग ठेवायला जागा नाही, म्हणून ती चाक बंद करून बसून राहते. दुपारी मांडणी रिकामी होते आणि ती पुरवू शकत नाही. मुलाम्याच्या टांगणीवरचे अर्धे हूक मोकळेच टाकीत उतरतात.

टांगणीवर थुय असते. व्हिएतनामहून लग्न करून इथे आलेली, ताईची जेवणाची सोबतीण. आज तिने मला रिकाम्या टांगणीकडे बोट करून दाखवलं. "बाई, सकाळी हिला करू द्या ना हवं तितकं. मी ठेवते कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे? चोवीसच्या वर एक ट्रे नाही ठेवायचा."

"सकाळचं दुपारी कसं येणार मग?" ती म्हणाली, जसं काही मी मुद्दाम न समजल्याचं सोंग करते आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ओतकामाचे साचे बदलून घेतले, त्यासाठी तिथल्या लोकांशी दोनदा भांडले. पितळ आता स्वच्छ येतं आहे. मशीनचा वेळ आवरला, अगदी मुठीत आला. पॉलिशचा नाही. म्हणजे माझं कारण चूक होतं.

संध्याकाळी थुयच्या टेबलाखाली, फडक्याने झाकलेले तीन ट्रे सापडले. सकाळी ताईने केलेले. मी ते बाहेर काढायला लावले. आछ्वान बघत होता, न लावून कसं चाललं असतं? थुयने एकेक ट्रे उचलून बाहेर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. मयताला येऊन हसणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. मला तिचा राग आला.

१ डिसेंबर, रविवार

जे मनात होतं ते आज विचारलं. जेवण झाल्यावर, भांडी घासताना.

"ताई, माझ्यावर रागावली आहेस?"

"नाही गं."

"मग सकाळी चालतं ते काम दुपारी का चालत नाही? मांडणी कापली म्हणून मुद्दाम करतेस का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीच नाही. ना राग, ना दुखावल्याची खूण. लहानपणी मी खोटं बोलले की तिचा चेहरा कसा पडायचा ते मला अजून आठवतं, आज तो दगडासारखा होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुला तसं वाटतं?"

"मला काय वाटायचं ते तूच सांग ना."

"भांडी ठेव तशीच. मी करीन सावकाश."

बसमध्ये विचार करत होते. दोन महिने ती माझ्याशी धड हसलेली नाही. आधी वाटायचं थकते, आता वाटतं ती मला शिक्षा देते आहे. आपलं माणूस असा थंडपणा दाखवू शकतं हे मला माहीत नव्हतं. आपण काय केलं आहे, तर सगळ्यांना सारखं दिलं.

२१ डिसेंबर, शनिवार

सर्वांत लहान दिवस. दरवर्षीसारखे ताईकडे तांदळाच्या पिठाचे गोळे वळायला बसलो. ती वळायची तेव्हा साच्यातून काढल्यासारखे यायचे, आई मोजायला म्हणून एकावर एक ठेवायची. आज एक बोराएवढा, एक लिंबाएवढा. एक तर चपटाच.

"हे काय, कारखान्याचं इथेही?" मी म्हटलं. गंमत म्हणून म्हटलं.

तिने हात परातीतून काढून मांडीवर एकमेकांत घट्ट धरले. "तू वळ. मी आल्याचं पाणी ठेवते."

लहान गोळे आधी शिजून विरघळले, मोठे आत कच्चे राहिले. आम्ही तसेच खाल्ले. मी निघताना तिने शेजाऱ्यांसाठी डब्यावर चिठ्ठी लिहिली. अक्षर इतकं बारीक की मला वाचता येईना. कागद वाचवतेस का म्हटलं, तर म्हणाली, सवय लागली.

६ जानेवारी, सोमवार

मालाला उशीर झाला. गिऱ्हाइकाचा माणूस येऊन गेला. धाकटे मालक आज गोड बोलले नाहीत. "शीबाई, सगळीकडे जागा सारखी आहे, मग अडतं कुठे ते मला एका पानात लिहून द्या. नाव घालून. चांद्रवर्षाअखेरच्या जेवणाआधी." मग मान खाली घालून म्हणाले, "तुम्हाला अवघड असेल तर आछ्वान लिहील."

आछ्वानने लिहिलं तर तो काय लिहील ते मला ठाऊक आहे. मीच लिहीन म्हटलं.

बाहेर आल्यावर आछ्वान म्हणाला, "यंदा कोंबडीचं तोंड कोणाकडे बघायचं?" पूर्वी वर्षाअखेरच्या जेवणात मालक उकडलेल्या कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे करून ठेवायचा, त्याने नव्या वर्षी कामावर यायचं नाही, असा संकेत होता. आमचे थोरले मालक ते तोंड नेहमी स्वतःकडे करून ठेवत आणि म्हणत, "मलाच हाकला एकदाचं." सगळे हसत आणि मग निवांत जेवत. ते आता ताइपेला मुलीकडे असतात.

१० जानेवारी, शुक्रवार

पान लिहिलं. सात वेळा लिहिलं. "मशीन, मुलामा व जोडणी यांचे वेळ स्थिर आहेत. पॉलिशचा वेळ अस्थिर असून विलंबाचे कारण तेथे आहे. कामगार: शी सूयुन." प्रत्येक वाक्य खरं आहे. मी काहीही कमी किंवा जास्त केलेलं नाही.

सारख्या वाटणीबद्दल एक वाक्य होतं, की पॉलिशला जास्त जागा दिली असती तर इतका विलंब झाला नसता. ते सहाव्या मसुद्यापर्यंत होतं. ते वाचून कोणालाही वाटलं असतं की बहीण बहिणीला वाचवते आहे. म्हणून काढलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज जेवण झालं. नीट लिहायचा प्रयत्न करते.

आमच्या टेबलावर धाकटे मालक, आछ्वान, मी, आणि पाच कामांचे जुने लोक. थोरल्या मालकांची खुर्ची मान म्हणून रिकामी ठेवली होती, आणि फिरत्या काचेवर कोंबडी आणताना आचाऱ्याने तोंड त्या खुर्चीकडे केलं होतं. सगळ्यांनी ते बघितलं आणि श्वास सोडला. ओतकामवाला म्हणाला, "थोरल्यांना ताइपेत उचकी लागली असेल." हशा झाला.

ताई माझ्या समोर होती. हसली नाही. माझं पान केबिनमधल्या खणात आहे हे तिला कोणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मी तरी सांगितलं नव्हतं.

तिने हात काचेवर ठेवला. मला वाटलं तिला भाजी हवी आहे. काच हळूहळू फिरू लागली, मध्येच अडकत, पुन्हा सुटत, वाट्यांची झाकणं किणकिणत होती. कोंबडीचं तोंड थुयवरून गेलं, आछ्वानवरून गेलं, माझ्यावरून गेलं. ताईसमोर आल्यावर तिने दुसऱ्या हाताने पहिला हात दाबून धरला आणि काच थांबवली.

"साहेब, ही माझी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की धाकट्या मालकांना पुढे वाकावं लागलं. "तुमच्या घरचं खूप वर्षं खाल्लं. आता हात दमले."

मग आछ्वान म्हणाला, "सूयुन, थट्टा पुरे, फिरव ती." "मी थट्टा करते असं तुला दिसतं का?" तिने विचारलं. त्यावर तो खरंच तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि त्याने मान खाली घातली.

धाकटे मालक उभे राहून, दोन्ही हातांत पेला धरून, तिच्या आरोग्यासाठी म्हणून प्यायले. ते उठले तेव्हा त्यांचे खांदे सैल झाल्याचं मला दिसलं. माझेही झाले असतील. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. माझं पान आता कोणी वाचणार नव्हतं. हे इथे लिहिलं नाही तर या वहीचा काही उपयोग नाही.

१९ जानेवारी, रविवार

थुय घरी आली. पहिल्यांदाच. ड्रॅगन फळांची पिशवी दारात ठेवली आणि आत यायला तयार नाही. दारातच बोलली.

"बाई, एकच विचारायला आले. तुम्ही मांडणी का कापली? मी आछ्वानला विचारलं, तो म्हणतो सारखं वाटप. सूयुनताईला विचारलं, ती म्हणते तिची ड्युटी आहे. पण तुम्हाला तर माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिला समजलं की मला माहीत नव्हतं, आणि ती उंबऱ्यावरच बसली.

दोन वर्षं. चांगह्वा शहरातल्या दवाखान्यात निदान झालं होतं. मेंदूतलं काहीतरी आटतं, अंग आखडतं, हात ऐकत नाहीत. गोळीने सकाळी दोनेक तास हात पूर्वीसारखे चालतात, मग उतरतं. पुढच्या गोळीचा असर येतो कधी, कधी येत नाही. सोयाबीनचं दूध त्या गोळीला चालत नाही. वास येईनासा होतो. अक्षर बारीक होतं.

"सकाळी हात चालले की ती दिवसभराचं करून मांडणीवर भरून ठेवायची," थुय म्हणाली. "दुपारी मी त्यातून उचलायची. ती सावकाश एखाद-दुसरा करत बसायची. लाइन कधी थांबली का? एकदा तरी?"

नाही. लाइन कधी थांबली नव्हती.

"आणि तिचा चेहरा?" मी विचारलं.

"तोही आखडतो ना, बाई. तिला हसू येतं, चेहऱ्यापर्यंत पोचत नाही."

थुय गेली. फळं दारातच राहिली होती, ती आत घेतली.

२० जानेवारी, सोमवार

कारखान्यात गेले नाही. ताईकडे गेले. ती पलंगावर बसून मोजा चढवत होती. मी उभी राहून बघितलं, तीन महिने डोळे असून जे बघितलं नाही ते. मग गुडघ्यावर बसून मोजा चढवला.

"थुयने सांगितलं वाटतं," ती म्हणाली. "पोटात काही राहत नाही तिच्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"पॉलिशला अठरा ट्रे दिले असते."

"आणि लोक काय म्हणाले असते?"

"जे बरोबर होतं तेच होतं ते. आजाराशिवायसुद्धा तेच बरोबर होतं. माझा हिशेब तोच आला होता, ताई."

हे मी तिला सांगायला नको होतं. तोपर्यंत तिचा समज होता की मी हिशेबाने वागले. ती बराच वेळ माझ्या केसांत हात घालून बसली. हात थरथरत होता, की ती थोपटत होती, मला कळलं नाही.

"साठ होईपर्यंत चाकाशी बसायचं होतं गं," शेवटी म्हणाली. "पितळात तोंड दिसायला लागतं ना, तेव्हा बरं वाटतं. बाकी काही नाही."

साठीला तिला दोन वर्षं आहेत. मला वाटतं, मांडणी असती तर जमलं असतं. नक्की सांगता येणार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर कारखाना सुरू झाला. पॉलिशला यांत्रिक हात बसवला आहे. नळ धरतो, फिरवतो, ठेवतो. प्रत्येक नळाला तेवढाच वेळ. घड्याळ लावून बघितलं, आकडे एका रेषेवर.

मी धाकट्या मालकांना सगळं सांगितलं. नऊ-नऊचा पहिला कागदही दाखवला. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "शीबाई, स्वतःला त्रास करून घेऊ नका. तुम्ही भेदभाव केला नाहीत." तेच सांगायला मी गेले होते, आणि तेच त्यांनी माझ्या बाजूने वापरलं.

दुपारी आछ्वान मांडण्यांपाशी उभा होता. चारही ठिकाणी दोन-तीन ट्रे, ना भरलेल्या ना रिकाम्या. "बघा इंजिनियरबाई," तो म्हणाला. टोमणा नव्हता, त्याला मला बरं वाटावं असंच वाटत होतं. "तुमची सारखी वाटणी शेवटी बरोबरच निघाली."

खरं आहे. ज्यांचा वेळ कधी कमीजास्त होत नाही अशांच्या लाइनीला ती बरोबरच आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कंदिलांचा सण. मी तीन आठवड्यांपूर्वी ताईकडे राहायला आले ते इथे कुठे लिहिलेलंच नाही.

सकाळच्या गोळीनंतर ती परात घेऊन बसली. मी फ्रिजचा वरचा कप्पा, बर्फाचा, पूर्ण रिकामा करून ठेवला होता. कोळंबी, माझे तयार डबे, सगळं बाहेर. ती वळू लागली. सगळे गोळे एका मापाचे, पांढरे, हातातून पटपट निघत होते, मी ताटं भरून कप्प्यात सरकवत होते. मध्येच तिने विचारलं, "किती जागा आहे?"

"हवी तितकी."

"सगळा कप्पा मलाच? तुझ्या कोळंबीचं काय?"

"राहू दे तिला उन्हात."

"मग कोळंबी काय म्हणेल," ती म्हणाली, "बहिणीला दिवाणखाना."

आछ्वानचं ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं होतं तर. कधी, ते मी विचारलं नाही. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. चेहरा तसाच, स्थिर, पिठाने पांढरा. चौथं ताट अर्धं झालं तेव्हा हात मंदावायला लागले. गेल्या आठवड्यात, सरावाला बसली होती तेव्हा, सहा ताटं झाली होती. गोळा तिच्या तळव्यात थांबला. मी तो हळूच काढून घेतला.

तिच्याकडे बघून काहीच समजेना, म्हणून विचारलं, "ताई, तू आत्ता हसते आहेस का?"

"हसतेच आहे गं मघापासून," ती म्हणाली. "आता विचारत जा."